वाचकांचे प्रश्न : पाण्यापलीकडचं ग्रीन

पावसाळ्याच्या तोंडावर गोल्फ खेळणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय वरचढ ठरला : पाणी. नियमांच्या पुस्तकात २०१९ पासून ‘वॉटर हॅझर्ड’ जाऊन ‘पेनल्टी एरिया’ (खुंट्यांनी आखलेला, चेंडू आत गेल्यास दंड देऊन बाहेर येता येतं असा भाग) आला आहे. तरी येरवड्यापासून लवळ्यापर्यंत कॅडी (बॅग वाहणारे मदतनीस) आणि खेळाडू दोघंही ‘वॉटर’च म्हणतात, म्हणून इथंही तोच शब्द ठेवला आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझं हँडिकॅप (जितकं कमी तितका खेळ चांगला) २०. सरावाच्या रेंजवर माझा सात नंबर आयर्न १५० यार्ड जातो. पण १४० यार्डांवरच्या झेंड्यापुढे पाणी असलं की तोच सात नंबर हमखास पाण्यात. पाणी नसेल तिथं असं होत नाही. म्हणजे हा मनाचाच खेळ ना?
— आयटी अभियंता, बाणेर

उत्तर : थोडा मनाचा, बराचसा बेरीज-वजाबाकीचा. आणि पाणी नसेल तिथंही असं होतंच. फक्त तिथं ते दिसत नाही. १२५ यार्डांवर पडलेला चेंडू कोरड्या फेअरवेवरून (आखूड गवताच्या पट्ट्यावरून) उड्या मारत ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, तोंडाशी जातो आणि आपण ‘ठीक लागला’ म्हणून पुढे चालू लागतो. तोच चेंडू पाण्यावर बुडतो आणि लक्षात राहतो.

तुमचे १५० यार्ड नेमके कुठले, हे आधी तपासा. बहुतेकांच्या डोक्यातला आकडा हा त्यांच्या सर्वांत सुंदर लागलेल्या चेंडूचा असतो आणि त्यात जमिनीवरची घरंगळ मिसळलेली असते. पाण्याला घरंगळीशी देणंघेणं नाही. त्याला फक्त कॅरी लागतो, म्हणजे चेंडू हवेतून किती गेला ते. तो मोजण्यासाठी एका क्लबनं २० चेंडू मारा आणि प्रत्येक चेंडू कुठं टेकला ते लिहा. लाँच मॉनिटर (चेंडूचं अंतर मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. नाहीतर रेंजवरच्या पाट्यांच्या अंदाजानं मित्राला लिहायला बसवा. सर्वांत लांबचे तीन आणि सर्वांत जवळचे तीन खोडा. उरलेल्या १४ मधला मधला आकडा हा तुमचा खरा कॅरी, आणि त्यातला सर्वांत लहान आकडा हा तुमचा ‘जरा फसलेला’ फटका. दोन्ही आकडे वहीत हवेत. रेंजवरचे चेंडू झिजलेले असतात आणि बहुधा कमी जातात, हेही ध्यानात ठेवा.

समजा तुमच्या सात नंबरचा मधला कॅरी १३८, फसलेला १२४ आणि मस्त लागलेला १४६ निघाला. आता होलकडे बघा. झेंडा १४० वर, पाणी संपतं १२६ वर, ग्रीन सुरू होतं १३० ला आणि संपतं १५६ ला. सात नंबरचा फसलेला फटका १२४, म्हणजे दोन यार्डांनी पाण्यात. सहा नंबर घेतला आणि तो सगळीकडे दहा यार्ड पुढे धरला, तर फसलेला १३४ वर ग्रीनवर, मधला १४८ वर ग्रीनवर, आणि मस्त लागलेला १५६ वर, मागच्या कडेला. तिन्ही कोरडे. इथं सहा नंबर हाच क्लब आहे आणि यात धाडसाचा काही प्रश्न नाही.

लेझर रेंजफाइंडर इथं फसवतो, कारण तो झेंड्याचं अंतर देतो. तुम्हाला हवी ती पाण्याची पलीकडची कड. पलीकडच्या काठावर लेझर रोखा, किंवा कॅडीला ‘झेंडा किती’ न विचारता ‘पाणी पार करायला किती’ असं विचारा. नियमित कोर्सवर फिरणाऱ्या कॅडीकडे हा आकडा तयार असतो.

पुण्यापुरत्या तीन नोंदी. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे चेंडू मुंबईपेक्षा सुमारे दोन टक्के लांब जातो. इथं मोजलेले आकडे घेऊन मुंबईत खेळायला गेलात तर दीडशे यार्डांवर तीन यार्ड वजा करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला टी-ऑफ असेल आणि पारा १०-१२ अंशांवर असेल, तर मे महिन्यातल्या दुपारच्या तुलनेत मधल्या आयर्नला पाच-एक यार्ड कमी धरा. आणि वारा : समोरून ताशी १६ किलोमीटर असेल तर सुमारे दहा टक्के अंतर खातो, पाठीमागून तेवढाच असेल तर जेमतेम पाच टक्के देतो. लवळ्याच्या डोंगरातल्या ऑक्सफर्डसारख्या कोर्सवर चढ-उतारही मोजावा लागतो. ग्रीन हे टीपेक्षा, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपेक्षा, दहा यार्ड खाली असेल तर मोटामोटी दहा यार्ड कमी.

आता मनाचा भाग. क्लब अपुरा आहे हे आतून कुठंतरी कळलेलं असतं, म्हणून आपण जोर लावतो. मूठ आवळली जाते, मनगटं ताठ होतात, क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वळतो. किंवा ‘चेंडू उचलायला हवा’ या भावनेनं वजन मागच्या पायावर राहतं. मग क्लब चेंडूच्या आधीच जमिनीला लागतो, नाहीतर वर येताना चेंडूच्या पोटात लागून तो पाण्यावर सपाट सुटतो. म्हणजे जी भीती तुम्ही घालवायला बघताय, ती बऱ्याचदा चुकीच्या क्लबची खरी बातमी देत असते. एक क्लब जास्त घ्या, तीन-चतुर्थांश वेगानं मारा आणि मग किती भीती उरते ते बघा. उरली, तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : ‘पाण्यात नको, पाण्यात नको’ असं मी स्वतःला बजावते आणि चेंडू नेमका तिथंच जातो. क्लब पुरेसा घेऊनही. सकारात्मक विचार करा असं सगळे सांगतात, पण त्या क्षणी जमत नाही.
— एक वाचक भगिनी, सॅलिसबरी पार्क

उत्तर : जमत नाही हे स्वाभाविक आहे, आणि ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला या ठिकाणी फारसा कामाचा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिलं. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेच पटिंगवर (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलण्यावर) तपासलं : ‘खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका’ असं बजावलं आणि त्याच वेळी डोक्यावर दुसरं काम टाकलं, तर चेंडू खुणेच्या जास्तच पुढे गेला. एखादी गोष्ट टाळायची तर ती मनात आली का, हे मनाला सतत तपासावं लागतं. आणि ताण आला की टाळणारा भाग थकतो, तपासणारा चालू राहतो. टी-बॉक्सवर मागे तिघं उभे आहेत, पुढचा ग्रुप ग्रीन सोडतोय, कार्डावर आकडा बरा आहे : हा सगळा तोच जादा बोजा.

म्हणून पाणी मनातून काढायच्या भानगडीत पडू नका. त्याला चेंडूच्या मागे उभं असतानाच पुरतं बघून घ्या. कुठं सुरू होतं, कुठं संपतं, कडेला लाल खुंट्या आहेत की पिवळ्या (फरक पुढच्या एका उत्तरात आहे), गेला तर ड्रॉप, म्हणजे चेंडू हातानं सोडून पुढे खेळायची जागा, कुठं पडेल. ‘गेला तर मी तिथून तिसरा फटका मारेन’ हे एकदा ठरलं की पाण्याचं काम संपलं. ज्या खेळाडू पाण्याकडे बघायचंच टाळतात, त्यांना ते नेमकं बॅकस्विंगच्या टोकाला दिसतं.

यानंतर लक्ष्य निवडा, आणि ते लहान असू द्या. ‘ग्रीन’ हे लक्ष्य फार मोठं आहे. ग्रीनच्या मागच्या झाडांतली एक ठरावीक फांदी, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) उजव्या ओठावरचा गवताचा झुपका, छपराचं टोक, असं काहीतरी. मग त्या रेषेवर चेंडूच्या पुढे हात-दीड हातावर गवतातली एखादी खूण धरा, क्लबचं तोंड तिच्यावर लावा आणि पाय नंतर ठेवा. आधी पाय रोवून मग तोंड वळवणाऱ्यांचा नेम पाण्यापासून आपोआप लांब सरकतो. पाणी डावीकडे असेल तर ते नकळत उजवीकडे उभे राहतात आणि मग शरीर चूक भरून काढायला डावीकडे ओढतं. पुढचं सांगायला नको.

चेंडूवर उभं राहिल्यावर तीनच कामं. मूठ किती आवळली आहे ते दहात मोजा. चारच्या आसपास हवी, सात-आठ असेल तर क्लब दोनदा हलवून सैल करा. एक श्वास सावकाश बाहेर सोडा, घेतला त्यापेक्षा लांब. लक्ष्याकडे शेवटचं बघा, नजर चेंडूच्या मागच्या बाजूवर आणा, आणि लगेच सुरू करा. ‘लगेच’ला महत्त्व आहे. नजर स्थिर झाल्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात की मोकळ्या जागेत पाणी परत शिरतं. सगळा कार्यक्रम ४० सेकंदांच्या आत बसवा, नियम ५.६ मध्येही फटक्याला तेवढाच वेळ सुचवला आहे. मध्येच विचार विस्कटला तर मागे सरा, पण एकदाच. दुसऱ्यांदा विस्कटला तरी मारा.

स्विंगबद्दल त्या क्षणी किती विचार करावा, हे तुम्ही किती वर्षं खेळता त्यावर आहे. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या पटिंगवरच्या प्रयोगांत मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावल्यावर त्यांचा खेळ बिघडला, नवख्यांचा मात्र सुधारला. त्यामुळे नवीन असाल तर एक सूचना ठेवा, एकच. पाण्यासाठी सर्वांत उपयोगी सूचना आम्हाला ‘छाती लक्ष्याकडे’ ही वाटते, कारण फटका संपताना छाती लक्ष्याकडे असेल तर वजन मागच्या पायावर राहणं अवघड जातं.

आणि कॅडीला आधीच सांगून ठेवा. ‘मॅडम, डावीकडे पाणी आहे हं’ हे वाक्य तो काळजीपोटीच म्हणतो, पण वेळ चुकीची असते. त्याला म्हणा, ‘दादा, पाण्याचं क्लब काढायच्या आधी सांगा. क्लब हातात आला की फक्त कुठं मारायचं ते सांगा.’ दोन राउंडमध्ये सवय लागते.

प्रश्न : पाणी आलं की मी बॅगेतून जुना, चरे पडलेला चेंडू काढतो. मित्र हसतात. नव्या चेंडूची किंमत बघता यात चूक काय?
— निवृत्त बँक अधिकारी, औंध

उत्तर : हिशेबात चूक नाही, फटक्यात आहे. चेंडू बदलताना ‘हा बुडणार’ हे तुम्ही हातानं जाहीर करता. त्यातून तळ्यातून काढलेला चेंडू असेल, तर बराच काळ पाण्यात राहिल्यामुळे त्याचा वेगही कमी झालेला असू शकतो, म्हणजे नेमका जिथं कॅरी हवा तिथं कमी जाणारा चेंडू. स्वस्त, पण न बुडालेला चेंडू घ्या आणि त्याच्यावर अठराही होल खेळा. सगळीकडे तोच चेंडू असला की ग्रीनवर तो किती थांबतो याचाही अंदाज बसतो. नियमानं दोन होलच्या मध्ये चेंडू बदलायला हरकत नाही (एकच मेक वापरायचा स्थानिक नियम लागू नसेल तर). होल चालू असताना मात्र ड्रॉपसारख्या ठरावीक प्रसंगीच बदलता येतो.

प्रश्न : लाल खुंट्या आणि पिवळ्या खुंट्या यांत प्रत्येक वेळी गोंधळ होतो. आमच्या चौघांत चार मतं असतात. ड्रॉप कुठं घ्यायचा ते एकदा नीट सांगा.
— चौघे मित्र, कोथरूड

उत्तर : हा प्रश्न नियमांचा असला तरी मनाशी त्याचा जवळचा संबंध आहे, पुढे काय करायचं हे पक्कं ठाऊक असलेला माणूस पाण्यासमोर बराच शांत असतो.

दोन्ही रंगांत दंड एकच फटका. टीवरून पाण्यात गेला तर तो पहिला, दंड दुसरा, आणि पुढचा मारला जाईल तो तिसरा. दोन्ही रंगांत हे दोन पर्याय मिळतात : आधी जिथून मारला तिथूनच परत मारणं, किंवा मागच्या रेषेवर ड्रॉप. मागची रेष म्हणजे होल आणि चेंडूनं वॉटरची कड शेवटची ओलांडली तो बिंदू, हे दोन जोडून मागे नेलेली सरळ रेष. त्या रेषेवर हवं तितकं मागे जाता येतं. २०२३ च्या बदलानंतर चेंडू रेषेवरच ड्रॉप करायचा, आणि जिथं टेकला तिथून कुठल्याही दिशेला एका क्लबच्या लांबीत थांबला तर तो खेळात. लाल असेल तर तिसरा पर्याय वाढतो : कड ओलांडलेल्या बिंदूपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, बाजूला ड्रॉप. लांबी मोजायची ती पटर सोडून बॅगेतल्या सर्वांत लांब क्लबनं, म्हणजे बहुधा ड्रायव्हरनं.

तुमच्या चार मतांचं मूळ बहुधा ‘कड कुठं ओलांडली’ यात असेल. ‘छपाक’ कुठं झालं याला काही अर्थ नाही. चेंडू डावीकडे वळत ७० यार्ड पाण्यावरून जाऊन मग बुडाला, तरी तो वॉटरच्या हद्दीत जिथं शिरला तोच बिंदू धरायचा. उलट चेंडू पाणी पार करून पलीकडच्या काठावर, खुंट्यांच्या बाहेर पडला आणि घरंगळत मागे पाण्यात आला, तर शेवटची कड पलीकडे ओलांडली. लाल असेल तर तुम्ही ग्रीनच्या बाजूला ड्रॉप घेऊ शकता. पिवळं असेल तर नाही. रेष मागे नेली की ती पाणी ओलांडून अलीकडे येते. पिवळ्यात सर्रास होणारी चूक हीच.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, सरळ खाली. चेंडू ठरलेल्या जागेत टेकून तिथंच थांबला पाहिजे. बाहेर घरंगळला तर पुन्हा ड्रॉप; तरी गेला तर दुसऱ्यांदा जिथं टेकला तिथं हातानं ठेवायचा. चेंडू पाण्यातच आहे हे माहीत हवं किंवा जवळजवळ खात्री हवी, नियमाच्या भाषेत किमान ९५ टक्के. ‘गेला असेल बहुधा’ एवढ्यावर ड्रॉप मिळत नाही. शोधायला तीन मिनिटं, नाहीतर हरवलेला चेंडू. आणि तो फक्त पाण्यातच असू शकतो हे माहीत असेल तर प्रोव्हिजनल (राखीव) चेंडू मारता येत नाही. मारलात तर तोच खेळातला चेंडू होतो, एका दंडासह.

पिवळ्यात कुठला पर्याय घ्यावा? टी चांगला असेल आणि अंतर अवघड नसेल तर परत टीवरूनच, कारण टी-पेगवरचा चेंडू गवतातल्या चेंडूपेक्षा सोपा. मागची रेष घेणार असाल तर पाण्याच्या काठाशी जाऊन ४० यार्डांचा अर्धवट वेज (जवळच्या अंतराचा क्लब) मारू नका. तुमचा पूर्ण वेज जितका जातो तितकं मागे जा. कोर्सनं ड्रॉप झोन दिला असेल तर त्याची पाटी किंवा स्कोअरकार्डाची मागची बाजू आधी बघून ठेवा.

प्रश्न : मासिक मेडलमध्ये (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत) एक चेंडू पाण्यात गेला की पाठोपाठ दुसरा जातो, कधी तिसरा. १५ होल चांगले खेळून एका होलवर सगळं कार्ड जातं. हे मोठ्या खेळाडूंचंही होतं का?
— औषध विक्री व्यवसाय, पिंपरी

उत्तर : होतं, आणि जगासमोर होतं. २०१६ च्या मास्टर्समध्ये आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पिएथनं ऑगस्टाच्या बाराव्या होलवर पहिला चेंडू पाण्यात घातला, मागे जाऊन ड्रॉप घेतला आणि वेजचा पुढचा चेंडूही पाण्यात. पार ३ वर, म्हणजे तीन फटके अपेक्षित असलेल्या होलवर, ७.  १९९८ मध्ये बे हिलच्या सहाव्या होलवर जॉन डेलीनं तोच तीन नंबर वूड पुन्हा पुन्हा काढला आणि पार ५ वर १८ लिहिले. त्याहून अभ्यासण्यासारखा प्रसंग १९९९ च्या ब्रिटिश ओपनचा. कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर जाँ व्हान द वेल्डे तीन फटक्यांनी पुढे होता. सहा मारले तरी जिंकला असता. बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात त्याचा तिसरा फटका गेला आणि बूट काढून पाण्यात उतरलेला तो सगळ्यांना आठवतो. पण घोटाळा दुसऱ्या फटक्याला झाला होता. वेजनं अलीकडे थांबायचं सोडून त्यानं दोन नंबर आयर्ननं ग्रीन गाठायचं ठरवलं. चेंडू प्रेक्षक-स्टँडला आपटून गच्च गवतात आला आणि तिथून पाण्यात. शेवटी सात, मग प्लेऑफमध्ये हार.

दुसरा चेंडू जातो त्याची कारणं साधी असतात. राग आला की चाल वाढते, नेहमीचा ४० सेकंदांचा कार्यक्रम १५ वर येतो. ‘आता दाखवतोच’ म्हणून तोच क्लब, त्याच ठिकाणाहून, जास्त जोरानं. आणि आधीचा फटका का फसला याचा निर्णय न घेताच मारलं जातं. तो का फसला याला दोनच उत्तरं आहेत : क्लब अपुरा होता, की फटका नीट लागला नाही. क्लब अपुरा असेल तर बदला. नीट लागला नसेल तर क्लब तोच ठेवा, पण आधी पाण्याकडे पाठ करून दोन पूर्ण सराव-स्विंग गवताला लावून मारा आणि गवत कुठं कापलं गेलं ते बघा. चेंडूच्या जागेच्या मागे कापलं जात असेल तर वजन मागे राहतंय, हे तिथंच कळतं.

ड्रॉपची सगळी प्रक्रिया मुद्दाम सावकाश करा. बिंदू ठरवणं, लांबी मोजणं, चेंडू पुसणं, ड्रॉप. या मिनिटाभरात श्वास जागेवर येतो. ड्रॉप नीट घ्यायला एवढा वेळ लागतोच, कुणी हळू खेळ म्हणणार नाही.

एक आकडा पाठ करा. हँडिकॅपच्या हिशेबात कुठल्याही होलवर नेट डबल बोगीपेक्षा जास्त धरत नाहीत : पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. पार ३ वर एक फटका मिळत असेल तर सहा. मेडलच्या कार्डावर आठ लागले तरी हँडिकॅपला सहाच. आणि स्पर्धा स्टेबलफर्डची (प्रत्येक होलला गुण देणारी) असेल तर गुण संपल्यावर चेंडू उचला, मागचे लोक दुवा देतील.

प्रश्न : चेंडू काठाशी उथळ पाण्यात दिसत असेल तर तिथूनच मारावा का?
— महाविद्यालयीन खेळाडू, वानवडी

उत्तर : अर्धा चेंडू पाण्याबाहेर असेल आणि पाय कोरड्यावर किंवा घट्ट जागी ठेवता येत असतील तरच. पूर्ण बुडालेला असेल तर विसरा. पाणी दिसतं त्यापेक्षा क्लबला कितीतरी जास्त अडवतं आणि चेंडू दिसतो तिथं नसतो. मारायचाच असेल तर रुंद बुडाचा सँड वेज नको, तो पाण्यावरून घसरतो. पिचिंग वेज घ्या, तोंड सरळ किंवा किंचित बंद, क्लब उभा खाली आणा आणि चेंडूच्या किंचित मागे, जोरात. २०१९ पासून वॉटरमध्ये क्लब जमिनीला किंवा पाण्याला टेकवायला परवानगी आहे. खाली दगड नाहीत ना, हे त्यानं आधी चाचपून घ्या. मनगट एकदा दुखावलं की हंगाम जातो. पावसाळ्यात काठाच्या गवतात हात घालण्याआधी क्लबनं गवत हलवा. साप पुण्याच्या कोर्सवरही असतात.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. छान खेळतो, पण पाणी दिसलं की चेहरा उतरतो. आमच्याजवळच्या रेंजवर पाणीच नाही, मग सराव कसा करून घेऊ?
— एक वडील, वाकड

उत्तर : आधी टी बघा. त्याचा कॅरी ९० यार्ड असेल आणि पाणी १०० ला संपत असेल, तर त्याची भीती अगदी शहाणी आहे. पुढच्या टीवरून खेळवा किंवा पाण्याच्या अलीकडे थांबून दोन फटक्यांत पार करायला शिकवा. अलीकडे थांबणं म्हणजे हार नव्हे, हे त्यानं तुमच्या खेळात पाहिलं तर लवकर पटेल.

रेंजवर दोन दोऱ्या किंवा पिवळे कोन घ्या. त्याचा खरा कॅरी ९० असेल तर ५५ ते ७० यार्डांमधला पट्टा हे ‘तळं’. दहाच चेंडू द्या, टोपलीभर नाही. प्रत्येक चेंडूला मागून उभं राहून लक्ष्य निवडायचं, श्वास सोडायचा, मारायचं. आणि प्रत्येक वेळी क्लब बदलायचा, कारण कोर्सवर कुणी सलग दहा सात नंबर मारत नाही. पार झाला तर एक गुण, तळ्यात पडला तर दोन वजा. दहात सात गुण जमले की तळं पाच यार्डांनी पुढे सरकवा. सलग दोन दिवस तीनच्या खाली राहिला तर मागे आणा. शेवटचा चेंडू नेहमी ‘मॅचचा’ : तो एकच, पाच मिनिटं थांबून, तुम्ही शेजारी उभे असताना. थोडा दबाव सरावात असावा लागतो.

कोर्सवर तुमची वाक्यं मोजून वापरा. ‘जपून हां, पाणी आहे’ ऐवजी ‘कुठं मारतोयस?’ असा प्रश्न विचारा. त्यानं लक्ष्य सांगितलं की गप्प. चेंडू बुडाला तर ‘अरेरे’ नको; ‘कुठून ओलांडला?’ विचारा आणि बिंदू त्यालाच शोधू द्या. मुलांना नियम लवकर येतात आणि ड्रॉप घेता येणं हा त्यांना मोठेपणाच वाटतो.

प्रश्न : जुलैत कोर्सवर जागोजागी पाणी साचतं. त्यालाही दंड का?
— एक वाचक, विमाननगर

उत्तर : नाही. खुंट्यांच्या बाहेर साचलेलं पाणी हे तात्पुरतं पाणी, आणि तिथं फुकट सुटका मिळते. पायाखाली मुद्दाम दाबून पाणी वर काढलं तर ते धरत नाहीत. नेहमीसारखं उभं राहण्याआधी किंवा राहिल्यावर दिसलं पाहिजे. दव मोजत नाहीत. चेंडू, पाय आणि स्विंग तिन्ही मोकळे होतील असा सर्वांत जवळचा बिंदू शोधा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप. ग्रीनवर असेल तर ड्रॉप नाही, चेंडू ठेवायचा. बंकरमध्ये असेल तर फुकट सुटका बंकरच्या आतच. बाहेर यायचं तर एक दंड देऊन मागच्या रेषेवर. तळं भरून खुंट्यांच्या बाहेर पसरलं असेल तर बाहेरचा तेवढा भागही तात्पुरतं पाणीच. मात्र खुंट्यांच्या आत साचलेल्या पाण्याची फुकट सुटका नाही.

आणि जुलैत चेंडू पडला तिथंच रुततो, घरंगळ शून्य. फेअरवेवर किंवा बाजूच्या लांब गवतात रुतलेल्या चेंडूलाही फुकट ड्रॉप आहे. त्यामुळे पावसाळ्यापुरते वहीतले फक्त कॅरीचेच आकडे वापरा, आणि हातमोजे तीन ठेवा, दोन प्लास्टिकच्या पिशवीत.